पेट्रोलवरची चेनसॉ: वापर, धार आणि निगा. जाणकारांनी लिहावं

मुळशीकर

पौडच्या पुढे आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. बांधावर सुबाभूळ आणि गिरिपुष्प माजलंय. त्यात परवाच्या वळवाने एक अख्खी सुबाभूळ मुळासकट आडवी केली आणि आंब्याची एक जाड फांदी मोडून खाली आणली. गावातल्या मशीनवाल्याला पावसाळ्याच्या तोंडावर श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि असली कामं दरवर्षी निघणारच. म्हणून मशीन विकत घेतलं. ४५ सीसी, १६ इंची पट्टी.

दुकानदाराने फुटपाथवर उभं राहून सुरू करून दाखवलं, दोनदा रेस दिली आणि ‘झालं, सोपं आहे’ म्हणाला. सोबतच्या पुस्तिकेत चित्रं भरपूर आहेत, पण ‘का’ कुठेच लिहिलेलं नाही. सौ.ने हेल्मेट येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही असं बजावलंय, म्हणून सध्या ते माळ्यावर आहे.

तर विचारायचंय: ऑइलचं प्रमाण काय? चेन किती ताणायची? धार घरी लावता येते का? आणि ज्याला सगळे घाबरतात ते ‘मशीन उसळणं’ नेमकं कशाने होतं? कुऱ्हाड आणि कोयता चालवायची सवय आहे, हे मशीन मात्र पहिल्यांदाच.

टेकडीवरचा

तांत्रिक गोष्टी बाकीचे सांगतील, मी कायद्याचं उरकतो. शहरात, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत, १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ‘तोडणे’ या व्याख्येत झाड जाळणं किंवा त्याला कसलीही इजा करणंही येतं. गावाकडे १९६४चा झाडतोड कायदा. त्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, साग, हिरडा अशी झाडं आहेत. सुबाभूळ नाही. वादळाने पडलेली फांदी उचलायला कुणी अडवणार नाही, पण मशीन हातात आलंय म्हणून उभ्या आंब्याकडे वळू नका. आधी तलाठ्याला विचारा.

खोडकर

झाडं उतरवण्याचीच कामं करतो, फार्महाउसवाल्यांची आणि सोसायट्यांची, म्हणून लिहितो. सौ.चं ऐका, त्या बरोबर आहेत.

आधी उसळी. चेन पट्टीच्या वरच्या अंगाने पुढे धावते, नाकाशी, म्हणजे पट्टीच्या टोकाशी, वळते आणि खालच्या अंगाने मागे येते. खालच्या अंगाने कापताना मशीन लाकडाकडे ओढलं जातं, वरच्या अंगाने कापताना तुमच्याकडे ढकललं जातं. या दोन्ही ओढी हाताला कळतात आणि सांभाळता येतात. घात होतो तो नाकाच्या वरच्या पाव भागात. तिथे दात वळणावर असतात. तो भाग लाकडाला किंवा मागे लपलेल्या दुसऱ्या फांदीला लागला की दात एकदम खोल घुसायला बघतो, घुसता येत नाही, आणि सगळा जोर पट्टीला वर आणि मागे फेकतो. मागे कोण आहे? तुमचा चेहरा, मान, डावा खांदा. पूर्ण रेसवर चेन सेकंदाला साधारण २० मीटर पळते. ‘मी पटकन सावरेन’ हा विचारच सोडा.

म्हणून पुढच्या हँडलसमोर ती काळी ढाल असते. ती नुसती हात झाकायला नाही, तो चेनचा ब्रेक आहे. मशीन उसळलं की ती मनगटावर आपटते आणि चेन जागीच थांबते. नव्या मशीनमध्ये नुसत्या झटक्यानेही ब्रेक पडतो. रोज काम सुरू करण्याआधी तपासायचा: मशीन जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी धरा, थोडी रेस द्या आणि डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी काम नाही.

पकड: डावा हात पुढच्या हँडलवर, अंगठा खालून वळवलेला. बरेच जण अंगठा वर ठेवतात, तसा हात उसळीत सुटतो. डावं कोपर शक्यतो सरळ. आणि उभं राहायचं पट्टीच्या रेषेत नाही, किंचित डावीकडे, म्हणजे पट्टी उलटी आलीच तर डोक्याच्या बाजूने जाईल. डावखुऱ्यांनीही हात बदलायचे नाहीत, मशीन उजव्या हाताच्या हिशेबानेच बनवलेलं असतं. खांद्याच्या वर कापायचं नाही. शिडीवर चढून तर मुळीच नाही.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या पायाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर दाबून, मग दोरी. एका हातात लटकवून दुसऱ्या हाताने दोरी ओढायची स्टाइल तुमच्या दुकानदारानेही दाखवली असेल. ती दुकानातच राहू द्या. गार मशीनला चोक पूर्ण बंद करून दोरी ओढायची, एकदा ‘फट्’ आवाज आला की चोक एक खाच उघडायचा आणि पुन्हा ओढायची. ‘फट्’ झाल्यावरही चोक बंद ठेवून ओढत राहिलात तर प्लग ओला होतो, आणि मग मशीन बिघडलं म्हणून फोन येतात.

आयडलला चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू सैल करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेलीय, मेकॅनिककडे न्या.

अनघा_कोथरूड

@मुळशीकर, हेल्मेट घ्याल ते जाळीचा व्हायझर आणि कानाचे मफ असलेलंच घ्या. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि कान हळूहळू जातात, त्या दिवशी काहीच जाणवत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. वर्षानुवर्षं अशी यंत्रं चालवणाऱ्यांची बोटं गारठ्यात पांढरी पडतात आणि बधिर होतात. सतत कापत बसू नका, मधे थांबा, हात गरम ठेवा. मशीनचे कंपन शोषणारे रबर फाटले असतील तर बदलून घ्या, ते शोभेसाठी नसतात.

लोखंड्या

इंजिनाचं मी सांगतो, गॅरेजचा माणूस आहे.

टू-स्ट्रोक आहे, वंगण पेट्रोलमधूनच जातं. चांगलं टूटी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइल असेल (डब्यावर JASO FD, जासो एफडी, हा दर्जा लिहिलेला बघा) तर ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिली. साधं ऑइल असेल तर २५ ला १, लिटरमागे ४० मिली. पुस्तिकेत वेगळं दिलं असेल तर पुस्तिका खरी. अंदाजाने झाकणभर ओतू नका, औषधाच्या दुकानातली मोठी सिरिंज घ्या. ऑइल जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो, तो साफ करता येतो. ऑइलच नसेल तर पिस्टन सिलिंडरला धरतो, आणि छोट्या मशीनच्या बाबतीत तो खर्च नव्या मशीनशी स्पर्धा करतो. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या मशीनांत साध्या पेट्रोलवर चालवलेलीच जास्त असतात, कारण कुणीतरी गड्याला ‘पेट्रोल टाक’ एवढंच सांगितलेलं असतं. कॅनवर मोठ्या अक्षरात ‘मिक्स’ लिहून ठेवा.

दुसरं, आजचं पेट्रोल. २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पुण्याच्या जूनमध्ये अर्धी भरलेली टाकी पंधरवडाभर ठेवली तर पाणी तळाशी बसू शकतं, आणि टाकीतला फिल्टर तळाशीच लोळत असतो. कार्ब्युरेटरमधला पातळ डायाफ्रॅम आणि इंधनाची नळी यांनाही ते सोसत नाही. म्हणून लागेल तेवढंच मिक्स करा, महिन्याच्या वर ठेवू नका, ओतण्याआधी कॅन हलवा.

इंधन भरताना मशीन बंद आणि थोडं गार झालेलं. भरलं की तिथून दहा पावलं लांब जाऊन सुरू करायचं. विडी-सिगरेटचं सांगायला नको, पण शेतावर सांगावं लागतं.

नांगरधारी

चेनच्या तेलाची जी वेगळी टाकी असते, तिच्यात आम्ही गाडीतून काढलेलं जळकं ऑइल टाकतो. किती वर्षं चालतंय. २०० रुपये लिटरचं स्पेशल ऑइल जमिनीवर उडवायचं म्हणजे श्रीमंतांचे चोचले.

लोखंड्या

@नांगरधारी, चालतं हे खरं, पण काय चालतं ते ऐका. जळक्या ऑइलमध्ये धातूचा कीस आणि काजळी असते. ती त्या इवल्याशा पंपात आणि पट्टीवरच्या तेलाच्या भोकात बसते. भोक बुजलं की चेन कोरडी पळते, पट्टी निळी पडते, चेन ताणते. वर ते तेल फवारा होऊन तुमच्या हातांवर आणि तोंडावर येतं, आणि वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला दीर्घकाळ लागणं कॅन्सरच्या दृष्टीने वाईट मानलं जातं. खर्चच वाचवायचा तर नवं, स्वस्तातलं इंजिन ऑइल टाका. चेनसाठीचं तेल चिकट असतं, नाकाशी वळताना उडून जात नाही, म्हणून ते खास. पण नवं साधं तेल जळक्यापेक्षा शंभरपट बरं.

तेल येतंय का हे बघायला नाक एखाद्या फिक्या रंगाच्या खोडासमोर वितभर अंतरावर धरून रेस द्या. तेलाची रेघ उमटली पाहिजे. आणि पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळजवळ संपली पाहिजे. तेल तसंच भरलेलं असेल तर आनंद मानू नका.

नांगरधारी

बरं बाबा. नवं टाकतो. पण उरलेलं जळकं ऑइल तुम्हीच विकत घ्या 😄

खोडकर

आता धार. मला विचाराल तर या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, कारण बरेच अपघात बोथट चेनने होतात. बोथट झाली की माणूस दाबतो, दाबला की तोल जातो, तोल गेला की नाक नको तिथे लागतं. धारदार चेन स्वतःच्या वजनानेच आत जाते.

ओळखायचं कसं? खाली काय पडतंय ते बघा. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबा. धूर निघत असेल तर तुम्ही आधीच थांबायला हवं होतं.

दाताची रचना समजली तर धार लावणं सोपं जातं. पूर्वी चेनला करवतीसारखे उभे दात असायचे. जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या किड्याची अळी बघितली. ती दोन जबडे डावी-उजवीकडे चालवत सरळ लाकडातून जाते. त्यावरून त्याने १९४७च्या सुमारास आडवे, आलटून-पालटून डावे-उजवे दात असलेली चेन आणली. आपली आजची चेन त्याच घराण्यातली. तर प्रत्येक दातात दोन भाग आहेत: मागचा कापणारा आणि पुढचा छोटा उंचवटा, तो दात किती खोल जाईल हे ठरवतो. कापणारा भाग कानसेने झिजवत गेलात की तो बुटका होतो, पण पुढचा उंचवटा तेवढाच राहतो. मग दात लाकडाला पोचतच नाही. धार लावूनही कापत नाही म्हणणाऱ्यांचं दुखणं बहुतेक हेच.

तुमच्या ४५ सीसीवर बहुधा .३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन असेल, तिला ४.८ मिमीची गोल कानस. छोट्या घरगुती मशीनवर ३/८ लो प्रोफाइल असते, तिला ४ मिमी. चेनच्या डब्यावर लिहिलेलं असतं, ते बघूनच बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा, नाहीतर दुकानदार हाताला येईल ती देईल. पट्टी शिकंजात धरा, ब्रेक लावा. कानस आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना, दातावर आखलेल्या ३० अंशांच्या रेघेला धरून. मागे आणताना उचलायची. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसरीकडे जाऊन उरलेले. प्रत्येक दाताला सारखेच हात. दोन-चार हातांत काम होतं, कारण रोज लावताय. महिन्याने लावाल तर अर्धा दात खावा लागेल.

तीन-चार वेळा धार लावली की तो उंचवटा गेज (उंची मोजायचं छोटं साधन) ठेवून चपट्या कानसेने उतरवायचा. दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली. जास्त उतरवलात तर चेन हावरट होते आणि उसळते, म्हणून डोळ्याने करू नका, गेज स्वस्त असतो. दात ४ मिमीपर्यंत झिजला की चेन भंगारात.

माती ही चेनची वैरी. खोडाला माती असेल तर आधी पाण्याने किंवा कोयत्याने साफ करा. जमिनीला पट्टी एकदा टेकली की सकाळभराची धार गेली. आणि शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवर आमचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खिळे. क्लासच्या जाहिराती, टू-लेट, पॅकर्स-मूव्हर्स, सगळे झाडालाच ठोकलेले. साल वाढून खिळा आत गिळलेला असतो, दिसत नाही.

चेनचा ताण: गार असताना, पट्टीच्या खालच्या बाजूला चेन लोंबता कामा नये, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरली पाहिजे. आधी पट्टीचे नट थोडे सैल करा, नाक वर उचलून धरा, मग ताणाचा स्क्रू, मग नट घट्ट. नवी चेन पहिल्या तासात बरीच ताणते, सारखी तपासा. गरम असताना ताणली असेल तर काम संपल्यावर पुन्हा सैल करायची, कारण गार होताना ती आवळते आणि रात्रभर क्रँकच्या बेअरिंगवर जोर पडतो.

मुळशीकर

खोडकर, लोखंड्या, दंडवत! हेल्मेट आलं, सौ.ने हिरवा कंदील दाखवला. सुबाभळीच्या फांद्या उतरवल्या, छान चाललं. पण आता खोडात पट्टी उजवीकडे वळते, काप चंद्रकोरीसारखा येतो. पट्टी वाकली का?

खोडकर

पट्टी वाकली नसावी. उजव्या बाजूचे दात धारदार किंवा लांब, डावे बोथट किंवा आखूड झाले की चेन उजवीकडे ओढते. आपला हात एका बाजूने जास्त चालतो, त्यामुळे सगळ्यांचं होतं. कॅलिपरने सगळ्यात आखूड दात मोजा आणि बाकीचे त्याच्याइतके करा. तरीही वळली तर पट्टीच्या कडा बघा, एक कड झिजून खाली गेली असेल. त्यासाठीच पट्टी अधूनमधून उलटी करून लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. उलटी करताना खाचेतला भुसा तारेने काढा आणि तेलाचं भोक मोकळं करा.

खोडाला हात घालण्याआधी एक मात्र वाचा. मुळासकट पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त फसवं असतं. मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलेला असतो आणि खोडाच्या वजनानेच तो तसा उभा धरलेला असतो. खोड कापलं की वजन गेलं, आणि गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे माणूस नको, पोरंही नकोत. कापण्याआधी गड्ड्याला दोर बांधून किंवा टेका देऊन ठेवा आणि गड्ड्याजवळ थोडं खोड लांब सोडून कापा.

खोड दोन्ही टोकांना टेकलेलं असेल आणि मधे अधांतरी असेल तर वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून एक तृतीयांश, मग खालून वर. एक टोक हवेत लोंबत असेल तर उलट: आधी खालून थोडं, मग वरून. नेम असा की दाबलेली बाजू आधी, ताणलेली नंतर. उलट केलंत तर एक तर पट्टी अडकते, नाहीतर खोड फाटून उडतं. पट्टी अडकली तर इंजिन चालू ठेवून हिसके देऊ नका. बंद करा, लाकडी किंवा प्लास्टिकची पाचर ठोका. लोखंडी नको, चेन तिला लागली तर दात उडतील. उतारावर खोडाच्या वरच्या अंगाला उभं राहायचं.

सहकारनगरचे_आजोबा

आमच्या सोसायटीत गुलमोहराची मोठी फांदी विजेच्या तारेवर आलीय. वॉचमन म्हणतो त्याचा भाऊ मशीन घेऊन येतो, पाचशे रुपयांत उतरवतो. मुळशीकरांसारखा एखादा होतकरू असेल तर...

खोडकर

आजोबा, हात जोडून सांगतो, नको. तारेला टेकलेली फांदी ओली असेल तर तीच वीज खाली आणते. तिथे माझ्यासारखाही आधी वीज बंद झाल्याशिवाय मशीन सुरू करत नाही. महावितरणला १९१२ वर कळवा, फांदीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज द्या. वादळात पडून कुणी अडकलं किंवा रस्ता बंद झाला तर अग्निशमन दल, १०१. गुलमोहर वरून दिसायला राकट, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, आणि बुंध्याभोवती सोसायट्या पेव्हर ब्लॉक घालून ठेवतात. त्याची फांदी अर्धी कापली की बाकीची स्वतःच तुटून येते.

सहकारनगरचे_आजोबा

कळवलं. वॉचमनच्या भावाला चहा पाजून परत पाठवलं.

अनघा_कोथरूड

चेनसॉसाठीच्या पँटबद्दल कुणी लिहिलं नाही. आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात, गुंततात आणि मशीन अडकून थांबतं. जीन्सने असं काही होत नाही. पायाच्या जखमा भरपूर बघितल्यात. पूर्ण पँट महाग पडली तर पुढून बांधायचे चॅप्स मिळतात. पायात चप्पल घालून मशीन चालवणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

मुळशीकर

चॅप्स मागवले. सुबाभूळ उतरली, गड्डा खरंच धप्पकन बसला, पोरांना आधीच घरी धाडलं होतं. आता मशीनला ऑक्टोबरपर्यंत काम नाही. कसं ठेवू?

लोखंड्या

टाकी रिकामी करा. मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत आयडलला चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. एअर फिल्टर काढून ब्रशने झटका, कोमट साबणाच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. तसा तो रोजच झटकायला हवा. सिलिंडरच्या पंखांमधला भुसा काढा, तिथे हवा खेळली नाही तर इंजिन तापतं. प्लग काढून गॅप ०.५ मिमी आहे का बघा, भोकातून चमचाभर टूटी ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग परत लावा. चेन आणि पट्टी काढा, घासलेटने धुवा, पुसा, तेलाचा हात फिरवा. पट्टीच्या नाकातल्या चाकालाही तेल. ओल नसलेल्या जागी, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. मुळशीत पावसाळ्यात कोरडी जागा म्हणजे घरात चुलीच्या खोलीत, पण मग पेट्रोलचा कॅन तिथे ठेवू नका.

ऑक्टोबरमध्ये नवं मिक्स करून सुरू होईना तर आधी टाकीतला फिल्टर बदला, तो पन्नास-शंभर रुपयांत येतो. मग प्लग. कार्ब्युरेटर उघडायची वेळ त्यानंतर.